'कोरडा' असं मी लिहिलं

हिराजीदादा,

आज मी गव्हाणला तुमच्या घरी जाऊन आले. ही दुसरी खेप. पहिल्यांदा तुमच्या बाराव्याला आले होते, तेव्हा गुलाबवहिनींनी मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याला बगल देऊन निघून आले. आज उत्तर दिलं. ते कसं दिलं हे तुम्हाला सांगायचं आहे, पण मला एकदम तिथे पोचता येत नाही. तुम्हीच म्हणायचात, मॅडम काहीही सांगायला बसल्या की सगळ्यात खालच्या थरापासून सुरुवात करतात, ऐकणाऱ्याला भूक लागते तरी त्यांचा दुसरा थर येत नाही. तर आता ऐकाच. हे पुढेमागे तिसऱ्या कुणी वाचलं तर त्यालाही समजावं म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही लिहिते आहे. कंटाळू नका.

नेऱ्याच्या वरच्या डोंगरातला आपला बोगदा तसा लहानच, जोडरस्त्याचा. मी तिथे भूगर्भतज्ज्ञ म्हणून रुजू झाले तेव्हा तुम्ही फोरमन होतात आणि तुमच्या हाताखालची माणसं तुम्हाला 'नाखवा' म्हणत होती. तुम्हाला ते आवडायचं नाही. होडी विकून इतकी वर्षं झाली, आता कसला नाखवा, असं पुटपुटायचात. पहिल्याच दिवशी मी हातोडीने खडक ठोकत होते आणि तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. काय बघता, असं विचारलंत. मी म्हटलं, बघत नाही, आवाज ऐकतेय; खडक पोकळ आहे की भरीव ते आवाजावरून कळतं. त्यावर तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, मग आपलं जमेल, मीपण ऐकतोच. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या शिफ्टमध्ये माझं नाव 'दगडवाल्या बाई' पडलं. आधी पाठीमागे, मग तोंडावर. आता साइटवर सगळे मला 'मॅडम' म्हणतात आणि म्हणताना खाली बघतात.

तुमची बांधाची गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल कोण जाणे. तुमच्या वडिलांची खाडीत होडी होती, आणि भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधावर ते राखणीला जायचे. बाहेर भरती चढत असते, आतल्या अंगाने बांधातून थोडं थोडं पाणी झिरपत असतं. ते झिरपतंय तोवर माणसाने खुशाल घरी जाऊन जेवावं. झिरपायचं अचानक थांबलं, की मात्र ताटावरून उठून पळायचं. कारण आत कुठेतरी माती सरकून पाण्याची वाट बुजलेली असते आणि मागे पाणी चढतच असतं. मग बांधाला खांड पडते, म्हणजे बांध फुटतो, आणि त्या खांडीतून होडी जाईल. हे सांगताना तुम्ही दोन्ही हात पसरून रुंदी दाखवायचात आणि कुणी ना कुणी शेजारचा कामगार तुमच्या हाताचा फटका चुकवायला मागे सरायचा. त्या बांधावर आता भराव पडला आहे, उलव्याच्या इमारती तिथून दिसतात. तुम्ही मात्र तो बांध डोंगरात घेऊन आला होतात.

आणि त्या बाटल्या. बोगद्यात जिथे पाणी गळेल तिथे रिकामी प्लास्टिकची बाटली धरायची, मार्करने तिच्यावर वार आणि शिफ्ट लिहायची आणि कॅबिनच्या खिडकीत ओळीने ठेवून द्यायची. पाणी निवळलं की तळाशी जो गाळ बसतो तो बघायचा. मी विचारलं होतं, दादा, लोणचं घातलंय का. मुरू द्या, मग चव घ्या, असं तुम्ही तोंडावरची रेष न हलवता म्हणाला होतात. मी त्या खिडकीचा फोटो काढला. एकदा नाही, तीन-चार वेळा. कशाला काढला ते तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. कॉलेजच्या मैत्रिणींचा आमचा एक ग्रुप आहे, त्यावर टाकायला. खाली लिहिलं होतं, 'आमच्या साइटची अत्याधुनिक प्रयोगशाळा'. सगळ्या हसल्या. मीही हसले. माझं तुमच्यावर प्रेम होतं, आदरही होता, आणि तरीही मी हे केलं. दोन्ही एकत्र असू शकतात हे मला आता कळतंय.

आई दवाखान्यात होती ते दिवस आठवतात का? मी पनवेलात एकटीच धावपळ करत होते. तुम्ही सकाळची शिफ्ट संपवून अंगावरच्या सिमेंटच्या शिंतोड्यांसकट थेट वॉर्डात आलात, हातात केळीच्या पानात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. नर्सने तुम्हालाच घरचे समजून औषधांची चिठ्ठी दिली आणि तुम्ही ती निमूट घेऊन खाली गेलात. आईने विचारलं, हे कोण? तुम्ही परत आल्यावर तिला स्वतःच सांगितलंत, "मी नाखवा. बाईंच्या बोगद्यातला." साइटवर त्या नावाने हाक मारली की कपाळाला आठ्या, आणि माझ्या आईपुढे आपणहून नाखवा. आई बरी होऊन घरी आली तरी बरेच दिवस विचारायची, तुझा नाखवा कसा आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. सांगायचं जिवावर येतंय.

आता त्या महिन्याचं सांगते. डोंगरावरचा ओढा जिथे बोगद्याच्या माथ्यावरून जातो, त्या टप्प्यात आपण शिरलो होतो. वरचा खडक पातळ, मधे लाल मातीचा थर. अशा ठिकाणी पुढे काय वाढून ठेवलंय हे बघायला लांब, बारीक भोक मारतात. सगळे त्याला प्रोब म्हणतात. त्यातून पाणी आलं, चिखल आला, तर बेताबेताने बाहेर येतो आणि आपल्याला वेळ मिळतो. प्रोब घ्यायचा की नाही हे भूगर्भतज्ज्ञाने ठरवायचं, म्हणजे मी. एका प्रोबला जवळजवळ एक शिफ्ट जाते. तेवढ्या वेळात काम पुढे सरकत नाही आणि प्रोजेक्ट मॅनेजरचा चेहरा आंबट होतो.

तुम्ही त्या महिन्यात तीनदा प्रोब मागितलात. तिन्ही वेळा मी दिला. तिन्ही वेळा आत टणक, सुका दगड लागला. तिसऱ्या प्रोबनंतरच्या मीटिंगमध्ये मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले की आपल्या साइटचं भूगर्भशास्त्र हल्ली कोळीवाड्यातून येतं असं दिसतंय. लोक हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मी त्यांना काही बोलले नाही. उलट त्या हसण्यात थोडं माझंही हसणं मिसळलं. राग मात्र तुमचा आला, दादा. त्यांचा यायला हवा होता, आला तुमचा. त्या मीटिंगमधून बाहेर पडताना मी मनाशी ठरवलं होतं की आता चौथा प्रोब नाही.

त्यानंतरही आठवडाभर फेसच्या उजव्या खांद्यातून, म्हणजे समोरच्या खडकाच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातून, अंगठ्याएवढी तांबूस धार येत होती. मग ती करंगळीएवढी झाली. मग नुसतं ठिबकणं. आणि त्या सकाळी मी गेले तेव्हा काहीच नाही. खडक ओलसर होता, पण पाणी नव्हतं.

आमच्याकडे एक तक्ता असतो. रोज फेस बघून त्यात खडकाला गुण द्यायचे. दगड किती कठीण, भेगा किती, किती दूर दूर, आणि पाणी किती. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखंच. पाण्याच्या रकान्यात शब्द ठरलेले आहेत: कोरडा, ओलसर, ठिबक, धार. पाणी जितकं कमी तितके गुण जास्त. गुण जास्त झाले की एका स्फोटात जास्त लांबी घेता येते आणि आधार कमी लागतो. त्या सकाळी आदल्या दिवसापेक्षा खडकाचे गुण वाढले. तोच डोंगर, तीच लाल माती, आणि कागदावर एका दिवसात खडक सुधारला. मी दोन वेळा बेरीज केली आणि मला बरं वाटलं. आज त्या बरं वाटण्याची मला किळस येते.

तुम्ही फेससमोर उभे होतात. हात उजव्या खांद्यावर सपाट ठेवला होता, ताप बघतात तसा. मग माझ्याकडे न बघता बोललात.

"मॅडम, पानी थांबलाय तो संपला नाय. कुठंतरी अडलाय. एक प्रोब घेऊ."

मी म्हटलं की तीन झालेत, तिन्ही कोरडे निघाले. तुम्ही म्हणालात, तेव्हा पाणी चालू होतं, आता थांबलंय, हे वेगळं. मी म्हटलं, फेस कोरडा होणं ही चांगली गोष्ट असते, पुस्तकात तेच आहे. तुम्ही बाटलीबद्दल काहीतरी सांगायला लागलात, शेवटची बाटली निम्मी गाळानेच भरली होती असं काहीतरी. मी तुम्हाला पुरतं बोलू दिलं नाही. सगळी माणसं उभी होती, ड्रिलचं मशीन घरघरत होतं, आणि मी आवाज चढवून म्हणाले,

"दादा, तुम्हाला प्रत्येक ठिबकीत खाडी दिसते."

दोघंजण हसले. तुम्ही हसला नाहीत, चिडलाही नाहीत. माझ्या हातातला बोर्ड घेतलात. फोरमनची सही लागते म्हणून. मी 'कोरडा' वर केलेल्या खुणेकडे बघितलंत आणि सही केलीत. तुमची ती लफ्फेदार सही, वाकडी होऊ नये म्हणून जीभ दाताखाली धरून केलेली. म्हणालात, "मी सही करतो. पन मानसं मागं ठेवतो."

मला या सहीबद्दल तुमच्याशी भांडायचं आहे. हे भांडण राहून गेलं आणि आता ते मी एकटीच करत बसते. का केलीत तुम्ही सही? अडून का बसला नाहीत? काम थांबवतो म्हणाला असतात तर माणसं तुमच्यामागे उभी राहिली असती. मग माझं मलाच उत्तर मिळतं. तुम्ही अडून बसला असतात तर मॅनेजरांनी दुसऱ्या शिफ्टचा फोरमन बोलावला असता आणि त्याने माणसं पुढे उभी केली असती. तुम्ही जागा सोडली नाहीत कारण तुम्हाला ठाऊक होतं की तिथे दुसरं कुणी नको. किंवा तसं नसेलही. कदाचित इतकंच असेल की मॅडम शिकलेल्या आहेत, त्या म्हणतात तर असेल. हे दुसरं कारण खरं नसू दे. आणि ते विचारायला आता तुम्ही नाही.

तुम्ही माणसं खरंच मागे ठेवलीत. बोगद्याच्या बाजूला मशीन वळवायला कोनाडा कोरलाय, तिथपर्यंत सगळ्यांना नेलंत. स्फोट झाला. पंख्याने धूर काढला. नेहमी फोरमन आणि भूगर्भतज्ज्ञ एकदमच पुढे जातात, फोरमन सुटे दगड बघतो आणि मी नवा फेस. मी बोर्ड आणि हातोडी घेऊन उठले. तुम्ही हात आडवा धरलात. "तुमी थांबा. मी हाक मारतो, मंग या." मला वाटलं, सकाळच्या बोलण्याचा राग धरलाय. मी फुरंगटून तिथेच बसले.

हाक आली नाही. आधी वारा आला. बोगद्यात आतून बाहेर असा वारा कधी येत नाही. दिव्यांची माळ हलली. मग डंपर दगड ओततो तसा आवाज, आणि तो थांबेना. मग तो लाल चिखल. मला कुणीतरी दंडाला धरून ओढलं. आम्ही धावलो, गुडघ्यापर्यंत चिखलात, एकमेकांचे शर्ट धरून. कोनाड्यापर्यंत त्याचा जोर ओसरला होता म्हणून आम्ही सगळे बाहेर आलो. तोंडाशी येऊन मोजलं तेव्हा एकच माणूस कमी होता. तुम्ही तिसऱ्या दिवशी मिळालात.

त्या वेळी तुम्ही माझ्यापुढे हात आडवा धरला नसतात तर हे लिहायला मी नसते. हे मी दिवसातून किती वेळा स्वतःला सांगते. जेवताना सांगते, भाजी घेताना सांगते. भाजीवाला विचारतो, ताई, पालक देऊ की मेथी, आणि मी दोन्ही जुड्या घेऊन येते. आभार कसे मानायचे, दादा, मला शिकवलेलं नाही कुणी. कुणी दार उघडून धरलं तर थँक्यू म्हणतात.

पुढचं सगळं फार पटापट झालं. चौथ्या दिवशी कॅबिन साफ केली. खिडकीतल्या बाटल्या कचऱ्याच्या गोणीत गेल्या. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, साफ करणाऱ्याला त्या बाटल्याच दिसल्या असतील. आठवड्याने कंपनीचा अहवाल निघाला. त्यात होतं की फोरमनने प्रोब न घेता पुढे जाण्यास संमती दिली, तशी त्याची सही उपलब्ध आहे. खोटं एक अक्षर नव्हतं. तुमच्या नावापुढे 'कै.' लावलं होतं. मॅनेजरांनी मला बोलावून घेतलं, चहा मागवला आणि समजावून सांगितलं की बाहेरची चौकशी समिती येणार आहे, कागदावर आहे तेच सांगायचं, तोंडी बोलण्याला तसाही पुरावा नाही. शिवाय हिराजी आता कशानेही दुखावणार नाही, आणि मला अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे. हे ते वाईटपणे बोलले नाहीत. काळजीने बोलले. मी चहा प्यायले.

त्यानंतर दोन दिवसांनी तुमचं बारावं होतं. तुमच्या अंगणात मांडव, बायकांची गर्दी. गुलाबवहिनींना मी आधी साइटवर दोनदाच भेटले होते. त्या मला आत घेऊन गेल्या, दार लोटलं, आणि विचारलं:

"मॅडम, ह्यांची चूक व्हती का? लोक बोलतात, ह्यांनीच सही केली."

बास, इतकंच. त्यांना मला दोष द्यायचा नव्हता, माझ्यावर संशयही नव्हता. तुम्ही घरी माझं कौतुकच केलं असणार. त्या माझ्याकडे आल्या कारण मी जाणकार होते. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, चौकशी चालू आहे, वहिनी. त्या हं म्हणाल्या. बाहेर पडले तेव्हा ओटीवरचे लोक बोलायचे थांबले. कोन गावापर्यंत गाडी चालवली आणि मग रस्त्याच्या कडेला थांबवून रडले. ते तुमच्यासाठी नव्हतं, खरं सांगते. स्वतःची लाज वाटली म्हणून.

मग मला फोटो आठवले. माझ्या मैत्रिणींच्या ग्रुपवरचे. शोधून काढले. शेवटचा फोटो अपघाताच्या दोन दिवस आधीचा. ओळीने बाटल्या, प्रत्येकीवर तुमच्या अक्षरात वार आणि शिफ्ट, आणि बाटलीगणिक तळाचा लाल थर चढत गेलेला. कुणीही बघून सांगेल की पाणी कमी होत होतं आणि त्यातली माती वाढत होती. मी पुस्तकात वाचलेलं सगळं तुम्ही त्या खिडकीत मांडून ठेवलं होतं, रोज माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. ते फोटो द्यायचे म्हणजे ते कुठे टाकले होते आणि खाली काय लिहिलं होतं हेही सांगावं लागणार. तुमचं नाव जायचं की माझं, एवढाच प्रश्न होता, आणि तेवढा ठरवायला मला दोन दिवस लागले हेही तुम्हाला कळू दे.

काल समिती आली. तिघं होते. साइट ऑफिसात टेबलावर हिरवं कापड घातलं होतं. मी फोटो दिले, ग्रुपवरचा मजकूरही वाचून दाखवला. फोरमनने प्रोब मागितला होता, सगळ्या माणसांसमोर मागितला होता, आणि तो मी नाकारला, असं सांगितलं. त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी फोटो एकेक करून पाहिले. मग विचारलं, त्यांची हरकत तक्त्यात का नोंदवली नाही? मी म्हटलं, तक्त्यात 'थांबलं' असा रकाना नाही. ते म्हणाले, शेरा लिहायला जागा असते. हो, असते. मी तीन पानं लेखी दिली. 'उपलब्ध माहितीच्या आधारे', 'खडकाच्या गुणांकनातील मर्यादा', 'निर्णयप्रक्रियेतील त्रुटी', असं सगळं. ते संपल्यावर मॅनेजरांनी मला पुढचं कळेपर्यंत घरीच थांबायला सांगितलं. माझी नोकरी राहील असं वाटत नाही. ते सोसता येईल.

आणि आज गव्हाण. फोन न करताच गेले. दुपार होती. वहिनी आत तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं की दादांनी सांगितलं होतं, पाणी अडलंय, भोक घेऊ, आणि मी नाही म्हटलं. सही त्यांनी केली, पण ती माझ्या शब्दावर. बाकी माणसं वाचली ती त्यांनी मागे ठेवली म्हणून. मीसुद्धा. वहिनींचे हात सुपातल्या तांदळात तसेच राहिले. मला वाटलं होतं की त्या रडतील, किंवा मला बोलतील. मी त्याची तयारी करून गेले होते. त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "या."

ओटीवर पाच-सहा माणसं बसली होती. तुमचे चुलते, शेजारचे दोघं, तुमच्याबरोबर पूर्वी होडीवर जाणारे ते म्हातारे. वहिनी दारात उभ्या राहिल्या.

"हे आता हितं सांगा. मोठ्यानं. ज्यांनी ज्यांनी मला येऊन सांगितला ना, ते सगले हितं हायेत."

मी उभ्याने सगळं परत सांगितलं. आवाज कापत होता. बोगद्यात माणसांसमोर तुमच्यावर चढवला तेव्हा कापला नव्हता. माझं संपल्यावर तुमचे चुलते पुढे झुकले. रागाने नाही, खरोखर कळावं म्हणून विचारलं त्यांनी.

"त्यानं सांगितला, तं तुमी नाय का म्हनलाव?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती. खडकाचे गुण वाढले होते. आधीचे तीन प्रोब कोरडे निघाले होते. मॅनेजरांचा दबाव होता, शिफ्ट वाया जात होती. यातलं काहीही खोटं नव्हतं आणि काल समितीपुढे मी हेच सगळं लिहून दिलं होतं. ओटीवर उभं राहून त्यातलं एकही मला बोलता येईना. मी म्हणाले,

"मला वाटलं, मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं."

चुलत्यांनी मान हलवली आणि पुन्हा भिंतीला टेकून बसले. वहिनी म्हणाल्या, "ऐकलाव ना सगल्यांनी," आणि आत गेल्या. मला कुणी बसा म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. मी चपला घातल्या आणि निघाले.

समितीला दिलेली तीन पानं घरी आल्यावर पुन्हा वाचली, दादा. ओटीवर मी बोलले ते वाक्य त्यात कुठेच नाही. उद्या सकाळी जाऊन तेवढं लिहून देऊन येते.